भंगार की ठेवा?

मंडळी, पॉटलकला जमलो की घरांच्या किमती, मुलांची कॉलेजं आणि मोटारी, या तीन स्टेशनांवर थांबल्याशिवाय आपली गप्पांची गाडी पुढे सरकत नाही. गेली काही वर्षं मात्र तिसऱ्या स्टेशनावर एक नवा प्रश्न डब्यात चढतो आहे: “पुढेमागे हिची किंमत येईल का हो?”

हा प्रश्न कॅमरी किंवा अकॉर्डबद्दल नसतो. त्यांच्याकडून आपली अपेक्षा एवढीच, की त्यांनी दोन लाख मैल निमूटपणे चालावं आणि मग भाच्याला द्यायच्या लायकीचं राहावं. प्रश्न असतो तो दोन सीटच्या, उघड्या टपाच्या छोट्या स्पोर्ट्स कारबद्दल. पहिली नोकरी लागल्यावर कुणी हौसेनं मियाटा घेतली, कुणी टोयोटाची एमआर-२, कुणी होंडाची एस-२०००. पुढे मुलं झाली, मिनीव्हॅन आली, आणि छोटी गाडी गराजच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली गेली. आता मुलं शिंगं फुटण्याच्या वयात आली, गराज आवरायला निघालं, आणि ताडपत्रीखाली आहे ते भंगार की ठेवा, असा सवाल घरोघरी उभा राहिला आहे.

आम्ही उभयता डेट्रॉइटच्या आसपास मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या उद्योगात इंजिनिअर. इथेच एम.एस. केलं आणि इथेच चिकटलो. त्यामुळे गाड्यांतलं आम्हाला सगळं कळतं असा मंडळात एक गोड समज आहे, आणि तो मोडायची आम्हाला घाई नाही. शिवाय आमच्याही गराजमध्ये १९९२ सालची लाल मियाटा उभी आहे. २००६ साली ४,२०० डॉलर्सना घेतलेली. २०२५ च्या वसंतात एका तरुणाने तिला साडेअकरा हजार डॉलर्स देऊ केले. त्याला उत्तर द्यायचं होतं, म्हणून हा विषय आम्हाला कागद-पेन्सिल घेऊन सोडवावा लागला. त्यातून जे हाती आलं, ते इथे मांडतो.

गाडी जुनी होणं आणि क्लासिक होणं

पंचवीस वर्षं झाली की अनेक राज्यांत गाडीला ‘ऐतिहासिक’ नंबरप्लेट मिळू शकते. पण नंबरप्लेट मिळाली म्हणजे मान मिळाला असं नाही. वय सगळ्यांचंच वाढतं. १९९२ सालची साधी चार दारांची सेदानसुद्धा आज तिशी ओलांडलेली आहे, आणि तिच्याकडे वळून कुणी बघत नाही.

क्लासिक या शब्दाचे बाजारात दोन अर्थ आहेत आणि आपण त्यांची सरमिसळ करतो. एक अर्थ आहे ‘जिला जपावंसं वाटतं अशी गाडी’. दुसरा अर्थ आहे ‘जिची किंमत चढत जाते अशी गाडी’. फेरारीच्या बाबतीत दोन्ही अर्थ एकत्र नांदतात, कारण ती मुळात महाग आणि थोडी. स्वस्त गाडीची गोष्ट वेगळी. ती लाखांनी बनते. आणि जी वस्तू जिकडेतिकडे दिसते, ती जपायची असते हे कुणाच्या डोक्यातच येत नाही.

आपल्या मुंबईचंच उदाहरण घ्या. कुर्ल्याच्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट बनू लागली, आणि १९७४ मध्ये तिचं बारसं होऊन ती ‘प्रीमिअर पद्मिनी’ झाली. काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या वेशात ती इतकी रोजची होती, की तिचा फोटो काढावा असंही कधी कुणाला वाटलं नाही. ऑक्टोबर २०२३ अखेर शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून उतरली आणि मग एकदम सगळ्यांना गहिवरून आलं. हजारो गाड्या भंगारात गेल्यानंतर उरलेल्या मूठभरांची आठवण झाली. स्वस्त गाडी क्लासिक होण्याची रीत थोडीफार हीच. आधी ती सगळीकडे असावी लागते, मग ती जवळपास नाहीशी व्हावी लागते, आणि या दोन्हींच्या मधल्या काळात कुणीतरी काही मोजक्या गाड्या सांभाळून ठेवाव्या लागतात. या मधल्या काळात गाडीला ना नव्याची झळाळी असते, ना जुन्याचा मान. बहुतेक गाड्या नेमक्या तेव्हाच मोडीत निघतात.

मियाटाची कुळकथा

ज्यांना ही गाडी ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९६० च्या दशकात इंग्लंडहून अमेरिकेत छोट्या उघड्या स्पोर्ट्स कार्स खूप आल्या. एमजी, ट्रायम्फ, लोटस वगैरे. चालवायला बहार, पण तेल गळायचं, विजेचं काम भरवशाचं नाही. १९८० पर्यंत त्या जवळजवळ संपल्या. त्याच सुमारास, १९७९ साली, बॉब हॉल नावाच्या अमेरिकन मोटार-पत्रकाराने माझ्दाच्या केनइची यामामोतो यांच्यापाशी विषय काढला, की अशी एक साधी, हलकी, उघडी गाडी तुम्ही का काढत नाही? यामामोतो हे माझ्दाच्या रोटरी इंजिनाचे शिल्पकार, पुढे कंपनीचे अध्यक्ष झाले. पुढे हॉलही माझ्दात दाखल झाले. गाडीच्या रूपाचं बरंचसं काम कंपनीच्या कॅलिफोर्नियातल्या स्टुडिओत झालं, आणि हिरोशिमात तोशिहिको हिराई यांनी प्रकल्पाची धुरा वाहिली.

फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात ही गाडी लोकांसमोर आली. किंमत १३,८०० डॉलर्सपासून. एसी आणि पॉवर स्टिअरिंग पाहिजे तर वरचे पैसे. १.६ लिटरचं इंजिन, ११६ अश्वशक्ती, वजन हजार किलोच्या आतबाहेर. आकडे वाचून कुणाला धडकी भरणार नाही. पण वजन पुढच्या-मागच्या चाकांवर जवळजवळ निम्मं-निम्मं, गिअरचा दांडा मनगटाच्या हिसक्याने पडावा इतका आखूड, आणि एक्झॉस्टचा आवाजसुद्धा जुन्या इंग्लिश गाड्यांची आठवण यावी असा मुद्दाम बेतलेला. जपानी भाषेत त्यांनी याला नाव दिलं ‘जिनबा इत्ताई’, म्हणजे घोडा आणि स्वार एकजीव. पहिल्या वर्षी गिऱ्हाइकांची अशी झुंबड उडाली, की डीलर लोक छापील किमतीवर हजारो डॉलर्स चढवून मागत होते.

अभ्यासकांच्या दृष्टीने महत्त्वाचं ते पुढचं. मियाटा चालली हे बघून बाकीच्यांना धीर आला. १९९५ नंतर बीएमडब्ल्यू झेड-३, एमजी-एफ, फियाट बार्केटा, पोर्शे बॉक्स्टर, मर्सिडीज एसएलके, होंडा एस-२००० अशी रांगच लागली. मेलेला प्रकार एका गाडीने जिवंत केला. क्लासिक म्हणवून घ्यायला एवढी पुण्याई पुरेशी आहे, असं आमचं मत.

पण बाजाराच्या दृष्टीने हिच्यात एक मोठी अडचण आहे: संख्या. पहिल्या पिढीच्या, म्हणजे वर उचलले जाणारे दिवे असलेल्या गाड्या १९८९ ते १९९७ या काळात चार लाख तीस हजारांच्या आसपास बनल्या. २००० साली सर्वाधिक खपाची दोन सीटची स्पोर्ट्स कार म्हणून गिनेस बुकात नोंद झाली, आणि एप्रिल २०१६ मध्ये सर्व पिढ्या मिळून दहा लाखावी गाडी बाहेर पडली. शिवाय ती अजून बनते आहे. नवी मिळत असताना जुनीला दुर्मिळ कोण म्हणणार?

तीन पूर्वजांच्या पत्रिका

मियाटाचं पुढे काय होईल, याचं उत्तर भविष्यकाराकडे नाही. पण तिच्या आधीच्या तीन स्वस्त स्पोर्ट्स गाड्यांच्या पत्रिका मांडून बघता येतात.

पहिली एमजीबी. इंग्लंडमधल्या अबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० अशी अठरा वर्षं बनली, पाच लाखांवर. म्हणजे संख्येत मियाटाच्या पहिल्या पिढीची थोरली बहीण. तिचे हाल काय झाले? तिचे हाल झालेच नाहीत. पत्रे सडले, पण १९८८ मध्ये ब्रिटिश मोटर हेरिटेज या संस्थेने मूळ साचे वापरून नवे कोरे सांगाडे बनवायला सुरुवात केली. आज तिचा स्क्रूसुद्धा विकत मिळतो. आता गंमत बघा: तिला क्लासिक नाही असं कुणी म्हणणार नाही, पण तिने कुणाला श्रीमंत केलं असंही कुणी ऐकलेलं नाही. क्रोमचे बंपर असलेल्या जुन्या गाड्यांना रबरी बंपरच्या, १९७४ नंतरच्या गाड्यांपेक्षा जास्त मागणी, एवढाच काय तो भेदभाव.

दुसरी डॅटसन २४०झेड. १९६९ च्या अखेरीस अमेरिकेत आली, किंमत ३,५२६ डॉलर्स. सहा सिलिंडर, सुंदर रूप, आणि सकाळी किल्ली फिरवली की सुरू होणार याची खात्री. तीही लाखाच्या वर विकली गेली. पण तिचा पत्रा इतक्या आवडीने गंजला, की वीस-पंचवीस वर्षांत चांगली गाडी शोधून सापडेना. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात खुद्द निस्सानने काही जुन्या गाड्या नव्यासारख्या करून पंचवीस हजारांच्या आसपास विकल्या. जानेवारी २०२० मध्ये एक अस्पर्श अवस्थेतली १९७० ची गाडी लिलावात ३,१०,००० डॉलर्सना गेली. ही बातमी ऐकून कितीतरी लोक गराजकडे धावले. पण लिलावातली विक्रमी गाडी म्हणजे बोर्डात पहिला आलेला मुलगा. त्याच्या मार्कांवरून वर्गाची सरासरी काढायची नसते.

तिसरी पॉन्टिअॅक फिएरो, इथलीच, मिशिगनची लेक. १९८४ ते १९८८. इंजिन मधोमध, रूप फेरारीचं, किंमत आठ हजारांच्या आसपास, आणि पाच वर्षांत तीन लाख सत्तर हजार गाड्या. पण पहिल्या वर्षाच्या चार सिलिंडरच्या गाड्यांना आगी लागल्या, गाड्या परत बोलवाव्या लागल्या, आणि नाव गेलं ते गेलंच. १९८८ साली सस्पेन्शन नव्याने करून गाडी मनासारखी झाली, आणि कंपनीने त्याच वर्षी तिचा गाशा गुंडाळला. हिचे भक्त आहेत, संमेलनं भरतात. पण बाजाराने अजून तिला पुरतं माफ केलेलं नाही.

या तिघींवरून आम्हाला असं दिसतं. गाडी नवी असताना तरुण पोरांच्या मनात भरली होती का, हा पहिला प्रश्न. कारण तीच पोरं पन्नाशीला पैसे घेऊन परत येतात. सुटे भाग मिळत राहतील का, हा दुसरा. चांगल्या स्थितीतल्या किती उरल्या, हा तिसरा. पहिल्या दोन प्रश्नांत मियाटा पहिल्या वर्गात पास. २०१७ मध्ये माझ्दाने जपानमध्ये पहिल्या पिढीच्या गाड्या नव्यासारख्या करून देण्याची योजना जाहीर केली आणि त्यासाठी कापडी टप, नार्डीचं लाकडी स्टिअरिंग व्हील, एवढंच काय, मूळ नमुन्याचे ब्रिजस्टोन टायरसुद्धा पुन्हा बनवून घेतले. कारखाना स्वतः पंचवीस वर्षांपूर्वीच्या स्वस्त गाडीसाठी साचे काढतो, ही साधी गोष्ट नव्हे. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र अजून लिहिलं जातं आहे. मिठाने गंजून, रेसच्या मैदानावर आपटून, हौशी पोरांनी नको ते भाग बसवून, दर वर्षी चांगल्या गाड्या कमी होत आहेत.

तेव्हा आमचा अंदाज असा: मियाटाची पत्रिका एमजीबीशी जुळते. ती क्लासिक होणार, किंबहुना झालीच आहे. पण घबाड होणार नाही. खास मर्यादित आवृत्त्या आणि अगदी कमी चाललेल्या गाड्या सोडल्या, तर ती मध्यमवर्गीय क्लासिक राहील. तुमच्या-आमच्यासारखी.

आता हिशेब

‘इन्व्हेस्टमेंट’ म्हणून ठेवणाऱ्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा.

१९८९ चे १३,८०० डॉलर्स म्हणजे महागाई धरून २०२४ चे सुमारे ३५,०००. नवी मियाटा २०२५ साली तीस हजारांच्या आतबाहेर सुरू होते. म्हणजे तेव्हाच्या मानाने आजची नवीच स्वस्त! आणि तेच १३,८०० कुणी शेअर बाजारात टाकले असते तर? १९८९ च्या अखेरीस एस अँड पी ५०० हा निर्देशांक ३५३ च्या आसपास होता, २०२४ च्या अखेरीस ५,८८० च्या वर. साडेसोळा पट. डिव्हिडंड न धरतासुद्धा सव्वादोन लाखांच्या वर रक्कम झाली असती. इतकी किंमत रस्त्यावर चाललेल्या साध्या मियाटाला आमच्या हयातीत तरी येत नाही.

आमच्या स्वतःच्या गाडीचा जमाखर्च सांगतो, कारण पावत्या आहेत. खरेदी ४,२०० डॉलर्स. एकोणीस वर्षांचा विमा ६,६५०. टायमिंग बेल्ट आणि वॉटर पंप दोनदा, १,२००. नवा कापडी टप १,१००. टायरचे तीन संच १,३००. दाराखालचा सडलेला पत्रा कापून नवा जोडला, २,४००. क्लच ९००. रेडिएटर आणि किरकोळ १,५००. एकूण १९,२५० डॉलर्स. मागणी आली आहे साडेअकरा हजारांची. म्हणजे ७,७५० चा तोटा, एकोणीस वर्षांत. वर्षाला साधारण ४०८, महिन्याला ३४ डॉलर्स. (आमच्यातल्या एकाची जिमची मेंबरशिप याहून महाग आहे आणि वापर याहून कमी.)

हिशेब असा मांडला की प्रश्नाचं रूपच बदलतं. धंदा म्हणून ही गाडी बुडीत खातं. पण एकोणीस उन्हाळे टप उघडून लेक मिशिगनच्या कडेने हिंडलो, दर ऑगस्टात वुडवर्ड अॅव्हेन्यूवर गाड्यांची जत्रा भरते तिथे मोठ्या गाड्यांच्या मधून मिरवून आलो, दसऱ्याला हिच्या बॉनेटवर झेंडूचा हार चढला. नवी घेतलेली गाडी एवढ्या काळात किमतीने जवळजवळ शून्यावर येते. ही आली नाही, वर चढली. छोट्या स्वस्त क्लासिकचा आर्थिक फायदा म्हणायचा तो एवढाच: हौस जवळजवळ फुकटात भागते.

न चालवता ठेवलेली गाडी

आमच्या एका स्नेह्यांनी २०१५ साली होंडा एस-२००० घेतली, ती मात्र शुद्ध गुंतवणूक म्हणून. निवड हुशारीची होती. १९९९ ते २००९ या काळात जगभर मिळून त्या फक्त एक लाख दहा हजारांच्या आसपास बनल्या, इंजिन नऊ हजार फेऱ्यांपर्यंत गात जाणारं, आणि होंडाने त्यानंतर तशी गाडी पुन्हा काढली नाही. किमती चढल्या. कागदावर स्नेही फायद्यात आहेत. पण मैल वाढले की भाव उतरेल या भीतीने त्यांनी ती चालवलीच नाही. पाच वर्षांनी सुरू करायला गेले तर पेट्रोलचा राळेसारखा चिकटा झालेला, ब्रेक धरून बसलेले, आणि वायरी उंदरांनी कुरतडलेल्या. दुरुस्तीचं बिल बघून वहिनी म्हणाल्या, “त्यापेक्षा सोनं घेतलं असतं तर लग्नात घालता तरी आलं असतं.” यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं.

तेव्हा ठेवायचीच असेल तर चालवायची, हा पहिला नियम. महिन्यातून एकदा तरी इंजिन पुरतं तापेपर्यंत, म्हणजे निदान वीस-पंचवीस मैल. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ पडलं की मात्र बाहेर काढायची नाही. टाकी भरून त्यात पेट्रोल टिकवणारं औषध घालायचं आणि बॅटरीला मंद चार्जर लावून ठेवायचा.

मियाटावाल्यांसाठी खास सूचना. सीटच्या मागे, टपाची घडी बसते तिथे दोन्ही कोपऱ्यांत पाणी वाहून जायची भोकं असतात. ती पानांनी-मातीने तुंबली की पावसाचं पाणी दाराखालच्या पोकळ पत्र्यात उतरतं आणि गाडी आतून सडते. बाहेरचा रंग चकचकीत, आणि आत कुरमुरे! आमची आम्ही घेतली तेव्हा याच रोगाची सुरुवात झालेली होती; म्हणूनच ती स्वस्तात मिळाली. वर्षातून दोनदा मऊ, लवचिक नळीने ती भोकं साफ करायची, एवढंच काम. टायमिंग बेल्ट साठ हजार मैलांना बदलायचा. टायर दिसायला कितीही नवे असोत, कडेवरचे शेवटचे चार आकडे वाचायचे. कितव्या आठवड्यात, कोणत्या साली बनला ते त्यात लिहिलेलं असतं. दहा वर्षांचा टायर नक्षी शाबूत असली तरी निकामी समजायचा.

मूळ भाग टाकायचे नाहीत. नवा रेडिओ बसवला तरी जुना खोक्यात ठेवायचा. आणि प्रत्येक पावती जपायची. आम्हाला ही गाडी विकणाऱ्या निवृत्त गृहस्थांनी चौदा वर्षांच्या सगळ्या पावत्या बुटांच्या खोक्यात तारीखवार लावून दिल्या होत्या. परवा आलेल्या गिऱ्हाइकाने गाडीच्या आधी ते खोकं बघितलं.

विम्याबद्दलही एक शब्द. साध्या पॉलिसीत गाडी गेली तर कंपनी त्या दिवसाची घसारा वजा जाता किंमत देते, आणि जुन्या गाडीला ती हातावर तुरी देण्यासारखी असू शकते. जुन्या गाड्यांच्या खास पॉलिसीत किंमत आधीच ठरवून लिहिलेली असते, हप्ताही बहुधा कमी असतो. पण अटी असतात: गाडी बंद गराजमध्ये हवी, रोजच्या वापराला दुसरी गाडी हवी, आणि नवशिक्या ड्रायव्हरला त्यांचा सहसा विरोध असतो.

पुढचा स्वार

ही शेवटची अट आमच्या घरात वादाचं कारण झाली आहे. आमची लेक पुढच्या वर्षी सोळा वर्षांची होईल. ती तान्ही असताना “आता तरी ही विका” असं दोन्हीकडच्या आजी-आजोबांनी सांगितलं होतं. आता तीच म्हणते, ही मला द्या. तिला किमतीशी देणंघेणं नाही. तिला ते वर येणारे दिवे आवडतात, आणि वर्गातल्या कुणालाच क्लच मारता येत नाही याचा तिला आधीच अभिमान आहे.

आमच्यातल्या एकाचं म्हणणं, वस्तू पुढच्या पिढीला हवीशी वाटणं याहून मोठं क्लासिकपण कोणतं? मग द्यावी. दुसऱ्याचं म्हणणं, आपण गाड्यांच्या धंद्यात आहोत, भावनेत वाहून कसं चालेल? १९९२ च्या या गाडीत एअरबॅग एकच, ड्रायव्हरपुरती. पलीकडच्या सीटची एअरबॅग आणि दारातले आडवे दांडे १९९४ च्या गाड्यांपासून आले. गाडी घसरू लागली तर आपोआप सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा या देशात २०१२ च्या मॉडेलपासून सगळ्या मोटारींना सक्तीची झाली. तिचा इथे पत्ताच नाही. शेजारून अडीच टनांचा पिकअप ट्रक जाताना त्याच्या चाकाची नट आपल्या डोळ्यांसमोर येते. अशी गाडी सोळा वर्षांच्या पोरीला रोज हायवेवर? नाही.

दोन्ही बाजू खऱ्या आहेत. क्लासिक गाडी ठेवायची म्हणजे तिच्या काळातले धोकेही ठेवायचे, हे जाहिरातीत कुणी लिहीत नाही. ज्यांच्या घरी ताडपत्रीखाली अशी गाडी आणि जिन्यावर अशी लेक किंवा लेक्र आहे, त्यांनी भावाच्या आधी याचा विचार करावा.

आमच्या घरचा तह असा झाला. शाळेला रोज न्यायला एक नीरस, चार दारांची, सहा एअरबॅगांची गाडी घेतली आहे. मियाटावर लेक रविवारी सकाळी शाळेच्या रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये क्लच शिकते आहे, आमच्यापैकी एक जण शेजारी बसून. हायवे नाही, रात्र नाही, पाऊस नाही. विमा आम्ही मुद्दाम साधाच ठेवला आहे, तिचं नाव घालून. हप्ता वाढला, तो सोसायचा. पंचविशी गाठेपर्यंत तिची आवड टिकली तर गाडी आणि पावत्यांचं खोकं तिचं. नाही टिकली तर तेव्हा विकू, आणि वाढलेली किंमत मिळालीच तर तिच्या घराच्या डाऊन पेमेंटला होईल.

साडेअकरा हजारवाल्या तरुणाला आम्ही नाही म्हणून कळवलं. तो चांगला मुलगा आहे, गाडीची पारख असलेला. त्याला सुचवलं, की कोरडी हवा असलेल्या राज्यातली, कागदपत्रं असलेली, फारसे फेरफार न केलेली गाडी शोध. हजार डॉलर्स जास्त गेले तरी पत्र्याच्या कामात ते वाचतील. वाचकहो, तुम्हालाही हाच सल्ला. आणि ज्यांच्या ताडपत्रीखाली अशी एखादी सोनपरी झोपली असेल, त्यांनी भंगारवाल्याला किंवा लिलाववाल्याला फोन करण्याआधी एकदा बॅटरी चार्ज करून, ब्रेक तपासून, मंडळाच्या उन्हाळी पिकनिकला ती चालवत आणावी. पार्किंगच्या कडेला सावलीची एक रांग धरून ठेवायला संयोजकांना सांगितलं आहे. चहा आमच्याकडून.